हिपॅटायटिस सीवर गोळ्या आहेत, तरी लस हवीच. पण ती तपासायची कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, मग लसीवर पैसा कशाला?’ असा सूर वृत्तपत्रांतल्या आरोग्यविषयक लेखनात अधूनमधून उमटतो. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो: करोनाची लस वर्षभरात आली, मग १९८९मध्ये सापडलेल्या, यकृताला ग्रासणाऱ्या या विषाणूची अजून का नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरे मात्र बहुतेक वेळा घाईत उरकली जातात, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी गोळ्यांविषयी. २०१३च्या अखेरीस सोफोसबुविरला मान्यता मिळाली आणि या आजाराचे चित्र पालटले. आज ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर टोचून घ्यावी लागत आणि तरीही यशाची खात्री नसे, त्या काळाशी तुलना केली तर ही मोठी झेप आहे. पण औषधाने बरा झालेला माणूस सुरक्षित होत नाही. विषाणू पुन्हा अंगात शिरला की संसर्ग पुन्हा होतो, आणि उपचार पहिल्यापासून. शिवाय गोळी द्यायची कोणाला, हे आधी कळायला हवे. नव्या लागणीत सुमारे ८० टक्के लोकांना काहीच जाणवत नाही. रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो, पण नेहमीची प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक यायला बहुधा दोन-अडीच महिने जातात. त्या मधल्या काळात माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि साधी चाचणी त्याला निरोगी ठरवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या आकडेवारीनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग आहे, वर्षाला जवळपास १० लाख नव्या लागणी होतात आणि २ लाख ४२ हजार मृत्यू होतात. निदान झाले आहे फक्त ३६ टक्के लोकांचे, उपचार पोहोचले आहेत २० टक्क्यांपर्यंत. यकृत एकदा सिरोसिसपर्यंत (व्रण साचून कडक होण्यापर्यंत) पोहोचले, की विषाणू गेल्यावरही कर्करोगाचा धोका पूर्णपणे जात नाही. नुसत्या गोळ्यांच्या जोरावर नव्या लागणी ९० टक्क्यांनी घटवण्याचे २०३०चे उद्दिष्ट गाठणे अवघड आहे, ते यामुळे.

आता लसीकडे. हिपॅटायटिस बीची लस आहे म्हणून सीची सहज व्हायला हवी, हा समज नावांच्या साधर्म्यातून आलेला आहे. दोन्ही विषाणू यकृतात राहतात, पण त्यांची घराणी निराळी. बीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन यीस्टमध्ये तयार करता येते आणि ते आपोआप जुळून नीटस कण बनतात. त्याविरुद्धची प्रतिपिंडे बीच्या बहुतेक सगळ्या वाणांवर चालतात. सीच्या बाबतीत यातले काहीच लागू पडत नाही.

सी विषाणूचा आरएनए सुमारे ९,६०० अक्षरांचा असतो. त्यातून सुमारे ३,००० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी बनते आणि ती कापली जाऊन दहा प्रथिने तयार होतात. आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला चुका दुरुस्त करण्याची सोय नाही. एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी विषाणू तयार होतात, असा अंदाज आहे. हे दोन्ही एकत्र पाहिले, तर एकाच माणसात किंचित वेगळ्या विषाणूंचा थवा का असतो, ते लक्षात येते. जगभरात आठ जनुकप्रकार आणि त्यांचे ८०हून अधिक उपप्रकार नोंदले गेले आहेत. दोन जनुकप्रकारांत जवळपास ३० टक्के अक्षरांचा फरक असतो. त्यांची वाटणीही सारखी नाही: दक्षिण आशियात तिसऱ्या प्रकाराचे प्राबल्य, इजिप्तमध्ये चौथ्याचे, दक्षिण आफ्रिकेत पाचवा, आग्नेय आशियात सहावा. एका वाणावर बेतलेली लस जगभर चालेल, हे गृहीत धरता येत नाही. लसीचे पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

प्रतिपिंडांनी विषाणूला यकृताच्या पेशीत शिरण्याआधीच अडवायचे, तर नेम धरायचा ई१ आणि ई२ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या जोडीवर. त्यातले ई२ पेशीवरच्या सीडी८१ या प्रथिनाला चिकटते. चिकटण्याची ही जागा विषाणूला फारशी बदलता येत नाही, कारण ती बिघडली तर तो पेशीत शिरूच शकत नाही. नेम तिथेच लागायला हवा, पण त्या जागेभोवती पहारा कडक आहे. ई२च्या सुरुवातीला २७ अमिनो आम्लांचा एक अतिचंचल तुकडा असतो. शरीर सर्वाधिक प्रतिपिंडे त्याच तुकड्याविरुद्ध बनवते, आणि तोच तुकडा सर्वांत झपाट्याने बदलतो. प्रतिपिंड तयार होईपर्यंत लक्ष्य बदललेले असते. प्रयोगशाळेत हा तुकडा काढून टाकलेला विषाणू प्रतिपिंडांना सहज बळी पडतो, यावरून तो पडद्याचे काम किती चोख करतो, ते कळते. पडद्यापलीकडे ई२वर अकराच्या आसपास ठिकाणी शर्करेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्याही पलीकडे, रक्तातला विषाणू मेदकणांशी आणि एपोई या प्रथिनाशी जोडलेला असतो. रक्तातल्या चरबीचे पांघरूण घेतलेला हा विषाणू प्रतिपिंडांना ‘परका’ म्हणून ओळखू येणे कठीणच.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ई२वरचा ४१२ ते ४२३ या क्रमांकांचा तुकडा जवळजवळ सगळ्या वाणांत सारखा असतो. त्यावर बेतलेले एकच, निवडक प्रतिपिंड यकृत प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. विषाणू परतायला वेळ लागला, पण तो परतला, आणि परतलेल्या विषाणूंत ४१५ व ४१७ या जागा बदललेल्या होत्या. ४१७व्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलले की तिथली शर्करा ४१५व्या जागेवर सरकते आणि नेमकी प्रतिपिंडाच्या आड येते. विषाणूला एका अक्षराचा बदल पुरला. म्हणून एकाच जागेवर नेम धरणारी लस पुरेशी नाही; एकमेकांना पूरक अशा निदान दोन-तीन जागांवर एकाच वेळी मारा व्हायला हवा.

हे प्रथिन कारखान्यात बनवणेही सोपे नाही, आणि ही बाजू बातम्यांत क्वचितच येते. ई१ आणि ई२ दोन्हींच्या शेपट्या पेशीच्या आतल्या पटलात रुतलेल्या असतात, त्यामुळे जोडी पेशीतून बाहेर पडत नाही. ती मिळवायला पेशी फोडाव्या लागतात, डिटर्जंटने पटल विरघळवावे लागते, मग शर्करेला चिकटणाऱ्या लेक्टिन या वनस्पतिजन्य प्रथिनावर जोडी अडकवून गाळून काढावी लागते. उत्पादन कमी येते. ई२मध्ये १८ आणि ई१मध्ये ८ सिस्टीन (एकमेकांशी बंध जुळवणारी अमिनो आम्ले) असतात. त्यांचे बंध चुकीच्या जोड्यांत जुळले, तर प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि शरीर अशा आकाराविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, जो खऱ्या विषाणूवर नाहीच. म्हणून प्रत्येक घाण्यात प्रथिन किती मिळाले, एवढे मोजून भागत नाही. ते सीडी८१ला चिकटते का, आणि फक्त नीट जुळलेल्या जोडीलाच ओळखणाऱ्या ‘एआर४ए’सारख्या प्रतिपिंडाला चिकटते का, या दोन्ही कसोट्या लावाव्या लागतात. अलीकडच्या आराखड्यांत शेपट्या कापून त्या जागी दोघांना बांधून ठेवणारी ‘ल्युसिन झिपर’ बसवतात आणि मध्ये फ्युरिन या विकराने कापण्याची जागा ठेवतात. मग जोडी पेशीबाहेर स्रवते आणि डिटर्जंटची भानगड टळते. पूर्ण लांबीच्या ई१ई२ जोडीची रचना क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली ती २०२२मध्ये. त्याआधीचे बरेच आराखडे अर्धवट नकाशावर आखलेले होते.

‘एमआरएनए आहे ना आता!’ या उद्गाराचे उत्तरही यातच आहे. एमआरएनए म्हणजे प्रथिनाची नुसती कृती टोचायची; त्यामुळे शुद्धीकरणाचा त्रास वाचतो, कारण प्रथिन आपल्याच पेशी बनवतात. पण शेपटी तशीच ठेवली, तर ते आतल्या आतच अडकते. करोनाच्या बाबतीत कोणते प्रथिन, कोणत्या आकारात गोठवायचे, हे सार्सवरच्या आणि मर्सवरच्या कामातून आधीच ठाऊक होते. इथे तेच ठरायचे आहे. तंत्र वेगवान झाले म्हणजे आराखडा आपोआप सुचतो, असे नाही.

तरीही आशेला जागा आहे, आणि ती खुद्द विषाणूच देतो. लागण झालेल्यांपैकी सरासरी ३० टक्के लोक कोणत्याही औषधाविना पहिल्या सहा महिन्यांत विषाणू हटवतात. त्यांना पुन्हा लागण झाली, तर बहुसंख्य जण पुन्हा हटवतात, तेही पहिल्यापेक्षा लवकर आणि विषाणूची संख्या फार न वाढू देता. म्हणजे परिणामकारक प्रतिकारशक्ती शक्य आहे; फक्त ती संसर्ग होऊच देत नाही अशी नाही, तर तो मुक्कामाला राहू देत नाही अशी आहे. या आजाराचे बहुतेक नुकसान जुनाट संसर्गातून होते, त्यामुळे लसीने एवढे साधले तरी पुरे. ज्यांना विषाणू हटवता येतो, त्यांच्यात टी पेशींपैकी (या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मदतनीस सीडी४ पेशी टिकून राहतात, संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या सीडी८ पेशींना साथ देत राहतात आणि अनेक तुकड्यांवर मारा करणारी प्रतिपिंडे लवकर तयार होतात. सीडी४ पेशींची साथ सुटली की सीडी८ पेशी थकतात. आणि गोळ्यांनी विषाणू गेल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. बरा झालेला रुग्ण सुरक्षित का नसतो, याचे एक कारण हे आहे.

याच निरीक्षणावर आजवरची सर्वांत मोठी चाचणी उभी राहिली. तिच्याबद्दल ‘अपयशी’ एवढा एकच शब्द छापून येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २०१२ ते २०१८ या काळात बाल्टिमोर, सॅन फ्रान्सिस्को आणि अल्बुकर्की येथे, इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्या १८ ते ४५ वर्षांच्या ५४८ जणांवर ती झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे लस नसलेली नकली मात्रा. पहिला डोस चिंपांझीच्या अडेनोव्हायरसवर स्वार केलेला, दुसरा ५६व्या दिवशी, एमव्हीए या दुबळ्या केलेल्या व्हॅक्सिनिया विषाणूवर स्वार केलेला. दोन्हींत एनएस३पासून एनएस५बीपर्यंतची, म्हणजे विषाणूच्या पोटातली प्रथिने होती. नक्कल करणारे विकर निकामी करून घातले होते. ई१ आणि ई२ नव्हतेच. सगळी भिस्त टी पेशींवर होती.

२०२१मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. लस सुरक्षित ठरली. लस घेतलेल्यांपैकी ७८ टक्के जणांत टी पेशींचा प्रतिसाद दिसला. पण सगळे डोस आणि तपासण्या नियमानुसार पूर्ण केलेल्यांत सहा महिने टिकलेला संसर्ग दोन्ही गटांत प्रत्येकी १४ जणांना झाला. संरक्षण शून्य. एक फरक मात्र पडला: लस घेतलेल्यांत विषाणूची सर्वोच्च पातळी सरासरी दर मिलिलिटरला सुमारे १.५ लाख एकके होती, प्लासिबो गटात ती सुमारे १८ लाख. लसीने विषाणूला बारा पटींनी दाबले, पण घालवले नाही.

कारणे काय असावीत? लसीतला वाण १बी प्रकाराचा होता. लोकांना लागण झाली ती प्रामुख्याने १ए आणि ३ या प्रकारांची. टी पेशी ज्या छोट्या तुकड्यांवरून शत्रू ओळखतात, ते या प्रकारांत पुरेसे जुळत नाहीत. निरोगी, कमी जोखमीच्या स्वयंसेवकांत आधीच्या चाचण्यांनी जितका जोरकस प्रतिसाद दाखवला होता, तितका या गटात आला नाही. आणि पृष्ठभागावरच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे नसल्याने विषाणूला पहिले काही आठवडे मोकळे रान मिळाले. आमच्या मते तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे. टी पेशींचे काम पेशीत संसर्ग झाल्यावर सुरू होते. तोवर थवा फुगलेला असतो आणि निसटायला एखादा बदल पुरतो.

उलट बाजूचा प्रयोगही झालेला आहे. विषाणू शोधणाऱ्या मायकेल हॉटन यांच्याच चमूने १९९४मध्ये ई१ई२ प्रथिनाची लस चिंपांझींना दिली. सातपैकी पाचांना संसर्ग झाला नाही, पण त्यांना टोचलेला विषाणू लसीतल्याच वाणाचा होता. पुढे ६० निरोगी माणसांवर ४, २० आणि १०० मायक्रोग्रॅमच्या मात्रा तपासल्या गेल्या. लस निर्धोक ठरली, प्रतिपिंडेही आली, पण ती काही वाणांवर चालली, काहींवर नाही. तेव्हा पुढची लस प्रतिपिंडे आणि टी पेशी दोन्ही जागवणारी हवी: नीट घडवलेले ई१ई२, त्याच्या जोडीला सगळ्या मुख्य जनुकप्रकारांत सारखे राहणारे आतल्या प्रथिनांचे तुकडे. असे तुकडे जुळवलेले वाहक, म्हणजे ते शरीरात पोहोचवणारे निरुपद्रवी विषाणू, तयारही आहेत. सीडी४ प्रतिसाद वाढवण्यासाठी ‘इनव्हेरियंट चेन’ हे प्रथिन जोडलेल्या वाहकांची प्राथमिक चाचणी माणसांवर झाली आहे आणि प्रतिसाद वाढल्याचे दिसले आहे.

ती तपासायची कशी, ही आज माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण आहे. चिंपांझींवरचे असे प्रयोग अमेरिकेत २०१५पर्यंत थांबले, आणि ते योग्यच झाले. नेहमीच्या उंदरांना हा विषाणू लागत नाही. त्याचा एक नातलग विषाणू उंदीरघुशींत सापडतो. लसीची तत्त्वे तिथे तपासता येतात, प्रत्यक्ष लस नाही.

माणसांवरच्या चाचणीचे गणित उदाहरणादाखल मांडतो. जोखमीच्या गटात वर्षाला शंभरांत १० जणांना लागण होते आणि त्यांतल्या ७० टक्क्यांत ती टिकते, असे धरा. प्लासिबो गटात ३० टिकाऊ संसर्ग मोजायला सुमारे ४३० माणसे वर्षभर लागतील. हाच लागणीचा दर दहा हजारांत एक असेल, तर माणसे लागतील सव्वाचार लाखांहून अधिक. म्हणून चाचणी जोखमीच्या गटातच करावी लागते, आणि हाच गट निवारा नसल्यामुळे, अटकेमुळे किंवा पोलिसांच्या धास्तीने दुसऱ्या डोसला व दर महिन्याच्या रक्ततपासणीला येत नाही. त्यांच्याच मदतीने केंद्र चालवणे, प्रवासखर्च देणे, निर्जंतुक सुया पुरवणे ही कामे वरवरची वाटतात, पण चाचणी त्यांवर तरते. सुया पुरवल्याने लागणी कमी होतात आणि मोजणी लांबते, हे खरे. तरीही त्या द्यायच्याच.

त्यात नवा पेच आला आहे. आता लागणीच्या सुरुवातीच्या अवस्थेतच, वाट न पाहता उपचार सुरू करण्याची शिफारस आहे. मग ‘सहा महिने टिकलेला संसर्ग’ हे मोजमाप वापरायचे कसे? लवकरचे एखादे मोजमाप शोधावे लागेल. विषाणूची सर्वोच्च पातळी घ्यावी, असा मोह होतो. पण वरच्या चाचणीत ती बारा पटींनी उतरूनही लाभ शून्य होता. त्यापेक्षा निदानानंतर चार आठवड्यांत विषाणूची पातळी शंभर पटींनी उतरली का, हे पाहणे अधिक भरवशाचे. एवढी न उतरल्यास संसर्ग टिकणार असे समजून उपचार सुरू करण्याचा नियम काही युरोपीय मार्गदर्शिकांत आहेच.

दुसरा पर्याय आहे नियंत्रित संसर्गाचा. स्वयंसेवकांना लस द्यायची, मग जनुकीय मजकुराचे पूर्ण वाचन झालेला, औषधांना हमखास दाद देणारा विषाणू टोचायचा, ठरावीक काळ वाट पाहायची आणि न गेल्यास गोळ्यांनी बरे करायचे. प्लासिबोच्या ३०पैकी २० जणांत विषाणू टिकला आणि लसीच्या ३०पैकी ८ जणांत, तर साठ माणसांत उत्तर मिळते. असा प्रयोग ९५ टक्क्यांहून अधिक यश देणाऱ्या औषधांमुळेच विचारात घेण्याजोगा झाला आहे. उरलेल्यांसाठी तीन औषधांचा राखीव उपचार हाताशी हवा. जोडीदाराला लागण होऊ नये याची तजवीज हवी. अटी लेखी आणि माघारीचा हक्क बिनशर्त हवा. नैतिक समित्यांनी यावर खुली चर्चा करावी, असे मला वाटते. पण एका वाणाने मिळालेले उत्तर हजार वाणांच्या जगात जसेच्या तसे लागू होत नाही, म्हणून त्यानंतरही प्रत्यक्ष वस्तीतली चाचणी चुकणार नाही.

शेवटी आपल्या वार्ताहरांसाठी एक विनंती. ‘हिपॅटायटिस सीची लस दृष्टिपथात’ अशी बातमी आली, की तयार झालेली प्रतिपिंडे किती जनुकप्रकारांच्या विषाणूंवर तपासली आणि त्यांत लसीपेक्षा वेगळे वाण होते का, एवढे विचारावे. उंदरात प्रतिपिंडे तयार झाली, हे जवळपास प्रत्येक लसीबाबत खरे असते. चाचणीत भाग घेणाऱ्या वाचकांनीही एक बाब आधी विचारून घ्यावी: नेहमीची प्रतिपिंडांची चाचणी विषाणूच्या कोअर (गाभ्याच्या) आणि एनएस प्रथिनांवर बेतलेली असते. लसीत तीच असतील, तर संसर्ग नसतानाही ही चाचणी सकारात्मक येऊ शकते आणि रक्तदानाच्या किंवा नोकरीच्या तपासणीत अडचण होऊ शकते. अशा वेळी आरएनए चाचणीच ग्राह्य धरावी, असे लेखी प्रमाणपत्र चाचणी केंद्राकडून पहिल्या डोसच्या आधी मागून घ्यावे.

आपला,
विषाणुशास्त्राचा एक अभ्यासक